दोन एक्स-रे शेजारी ठेवणे म्हणजे वजाबाकी नव्हे

रूट कॅनालनंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढायचा, तो जुन्या आरव्हीजीशेजारी पडद्यावर उघडायचा, मुळाच्या टोकाजवळचा काळा डाग आक्रसला आहे का ते पाहायचे आणि ‘हाड भरत आले आहे’ असे रुग्णाला सांगायचे, हा आम्हा दंतवैद्यांचा रोजचा परिपाठ आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. याच परिपाठाला ‘डिजिटल सबट्रॅक्शन’, म्हणजे संगणकाने केलेली दोन प्रतिमांची वजाबाकी, म्हणण्याबद्दल मात्र आहे. नाशिकमध्ये केस-सादरीकरण ऐकायला बसले की दर दोन-तीन वक्त्यांमागे एक जण दोन प्रतिमा शेजारी लावतो, त्यावर पिवळा बाण काढतो आणि वजाबाकी केल्याचे सांगतो. त्या सादरीकरणात वजाबाकी कुठेच नसते.

शेजारी ठेवून पाहणे वाचकांना पाठच आहे, म्हणून ते थोडक्यात आटोपतो. त्यात आपण प्रत्येक प्रतिमेतील स्थिती वाचतो आणि दोन वाचनांची मनातल्या मनात तुलना करतो. मुळाच्या टोकाजवळच्या हाडाची स्थिती ठरवणाऱ्या, 1986 मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्यांच्या पीएआय मापकामुळे या वाचनाला काहीशी शिस्त आली, तरी डोळा तो डोळाच. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सहा परीक्षकांनी 253 केसेसचे एक्स-रे वाचले, तेव्हा सहाही जणांचे एकमत निम्म्याहून कमी केसेसमध्ये झाले. शिवाय हाडातील 30 ते 50 टक्के खनिज गेल्याखेरीज एरवी डाग डोळ्यांना नीट दिसत नाही, आणि खनिज परत येतानाही सुरुवातीची भर अशीच नजरेतून निसटते.

वजाबाकीत स्थिती वाचायची नसते. नंतरच्या प्रतिमेतील प्रत्येक बिंदूच्या करड्या छटेच्या आकड्यातून आधीच्या प्रतिमेतील त्याच बिंदूचा आकडा वजा केला जातो आणि उरलेल्या फरकात 128 मिळवले जातात, म्हणजे 0 ते 255 या पट्टीवर ‘काहीच बदलले नाही’ याचा रंग मधला करडा येतो. जिथे खनिज वाढले तिथे प्रतिमा उजळ होते आणि जिथे घटले तिथे गडद. दात, मूळ, गटापर्चा (मुळाच्या पोकळीत भरलेला रबरासारखा पदार्थ) हे सगळे जागच्या जागी असेल तर ते करड्यात विरून जाते आणि फक्त बदल उरतो. रक्तवाहिन्यांच्या चित्रणात ही कल्पना फिल्मच्या काळातच, 1930 च्या दशकात, आली होती. दातांसाठी संगणकावर ती 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला वापरली जाऊ लागली. काटेकोर प्रयोगात पाच टक्क्यांच्या आसपासचा खनिजबदलही या पद्धतीने टिपता येतो.

खरा घोटाळा यापुढे आहे. ‘त्याच बिंदूचा आकडा’ असे मी वर सहज लिहून गेलो. पण दोन प्रतिमांमधील तोच बिंदू सापडणार कसा? ‘सॉफ्टवेअर जुळवून घेते’ हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे कुणी सांगत नाही.

गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावर नाशिककर पुराचा अंदाज करतात. समजा, होळकर पुलावर एकाच जागी उभे राहून आपण सकाळी आणि दुपारी मारुतीचे दोन फोटो काढले. दुसऱ्या वेळी मोबाइल जरा तिरका झाला किंवा मारुती चौकटीत डावीकडे सरकला, तर संगणक तो फोटो सरकवून, फिरवून, थोडा ताणून पहिल्यावर चपखल बसवू शकतो, आणि मग जो फरक उरतो तो बव्हंशी पाण्याचाच असतो. आता दुसरा फोटो पुलाऐवजी घाटाच्या पायऱ्यांवरून काढला आहे असे समजा. मारुती तोच, पाणीही तेच. पण मारुतीमागे दिसणारी देवळे बाजूला सरकलेली, एक शिखर अर्धे झाकलेले, दुसरे नव्याने डोकावणारे. हा फोटो कितीही ताणला तरी पुलावरचा होत नाही, कारण जे पुलावरून दिसत होते ते त्यात आलेलेच नाही.

तोंडातही हेच घडते. दात आणि एक्स-रेची नळी यांमधील कोन तोच राहिला आणि केवळ तोंडात ठेवलेला, प्रतिमा टिपणारा सेन्सर सरकला, फिरला किंवा किंचित कलला, तर सॉफ्टवेअर ती चूक निस्तरते. नळीचा कोनच बदलला तर गालाकडची आणि जिभेकडची हाडाची भिंत, मुळे आणि त्यांच्यामागचा डाग हे सगळे एकमेकांच्या तुलनेत वेगवेगळ्या अंतराने सरकतात, आणि ते पूर्वस्थितीला आणणारे बटण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही. दोन-तीन अंशांपर्यंतचा फरक फार तर खपून जातो. रुग्णाने बोटाने सेन्सर धरायचा आणि आपण नळी अंदाजाने रोखायची, या पद्धतीत दोन-तीन अंशांची हमी कुणीही देऊ नये.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार अशीच एक वजाबाकी-प्रतिमा घेऊन माझ्याकडे आले होते. खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळाच्या टोकाशी छान उजळ चंद्रकोर होती आणि ‘हाड भरले’ असे त्यांना दुसरीकडे सांगण्यात आले होते. मी दोन्ही मूळ प्रतिमा मागवून घेतल्या. पहिल्या प्रतिमेत त्या मुळातील गटापर्चाची एकच पांढरी रेघ होती आणि दुसरीत दोन. त्या मुळात गालाकडचा एक आणि जिभेकडचा एक असे दोन कालवे, म्हणजे पोकळ नळ्या, असतात. नळी समोरून असली की ते एकावर एक येतात आणि आडव्या दिशेने तिरकी झाली की सुटे दिसतात. एका रेघेच्या दोन रेघा झाल्या, त्याच क्षणी ती वजाबाकी बाद झाली होती. दुसरी खूण तर त्यांच्या कागदावरच छापलेली होती: शेजारच्या ज्या दाताला कुणी हातही लावला नव्हता, त्याची एक कड उजळ आणि दुसरी काळी, नाण्यावरच्या उठावासारखी. निरोगी शेजारी करड्यात विरलेला नसेल, तर आजारी दातापाशी काय दिसते ते पाहूच नये, असा माझा नियम आहे.

उजेडातील फरक, फाइलचा प्रकार, लाल-हिरवी रंगछटा या गोष्टींवर होणारी चर्चा मला वायफळ वाटते. एकूण प्रतिमा फिकट किंवा गडद आली असेल, तर न बदललेल्या भागाच्या छटा जुळवून ते दुरुस्त होते. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा पडद्याचा मोबाइलने फोटो काढलेली प्रतिमा मात्र मी वजाबाकीला घेत नाही, आणि प्रतिमा आपोआप ‘शार्प’ करणारी सोयही दोन्ही वेळा बंद ठेवतो.

पायाभूत प्रतिमा कोणती घ्यावी, याबाबतही माझे मत ठाम आहे. उपचारापूर्वीचा एक्स-रे घेतला तर गटापर्चाच सर्वांत मोठा ‘बदल’ म्हणून झळकतो. कालवे भरल्यानंतर लगेचचा घेतला आणि मग कॅप बसवली, तर दाताची वरची कडच बदलते आणि होल्डरवर (सेन्सर तोंडात धरून ठेवणाऱ्या साधनावर) घेतलेला चाव्याचा ठसाही निरुपयोगी होतो. म्हणून मी कॅप बसल्यावर पुढच्या वेळीही होल्डर तसाच बसावा यासाठी त्याच्या चावण्याच्या भागावर पुट्टीचा (ठसा घेण्याच्या, नंतर घट्ट होणाऱ्या पदार्थाचा) ठसा घेतो, लांब नळीने समांतर पद्धतीने (सेन्सर दाताला समांतर ठेवून) एक आरव्हीजी काढतो आणि तोच पाया मानतो. एवढे करूनही वजाबाकी फक्त बदल सांगते; डाग किती उरला, दात ठोकल्यावर दुखतो का, हिरडीवर पुळी आहे का, हे तिला विचारायचे नसते. त्यासाठी शेजारी ठेवलेल्या दोन प्रतिमा आणि रुग्णाचे तोंड, दोन्ही पाहावेच लागते. डाग रेंगाळला, तर युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चार वर्षांपर्यंत पाहत राहावे लागते.

निफाडच्या त्या बागायतदारांची पायाभूत प्रतिमा आम्ही नव्याने घेतली. पुढची तारीख ऑक्टोबरमध्ये येत होती. गोडी छाटणीच्या दिवसांत येणे जमणार नाही, असे त्यांनी आधीच सांगितल्यामुळे ती डिसेंबरात ढकलली आहे. त्यांचा पुट्टीचा ठसा नाव आणि 36 हा दाढेचा क्रमांक लिहिलेल्या डबीत, एक्स-रे यंत्राखालच्या खणात ठेवला आहे.