वाचनालयं शेठ-साहेबांनी दिली?

ठाण्यात वाचनालयाचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, वाचनालयं ही इंग्रज साहेबाची नाहीतर एखाद्या शेठची देणगी. दुसरी, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय ही मुंबईच्या संस्थेची शाखा.

दुसरी तारखांनीच निकालात निघते. ठाण्याची संस्था १८९३ ची, मुंबईची १८९८ ची. म्हणजे थोरली आपलीच! ती उभारण्यात पुढाकार होता विनायक लक्ष्मण भावे यांचा. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा हा माणूस मिठाच्या धंद्यातला, आणि तेव्हा जेमतेम विशीतला.

पहिल्या गोष्टीला लोक मुंबईतल्या डेव्हिड ससून लायब्ररीचा दाखला देतात. दारातून आत शिरलं की ससून यांचा पुतळा, वर इमारतीलाही त्यांचंच नाव; गैरसमज होणारच. पण सुरुवात १८४७ ची, टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांची. यंत्रांचे नमुने आणि पुस्तकं एके ठिकाणी असावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. अशा संस्थेला ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ म्हणत; ही मूळची ब्रिटनमधल्या कामगार-शिक्षणाची चाल. एडिनबरोत १८२१ मध्ये, लंडनमध्ये १८२३ मध्ये अशा संस्था निघाल्या होत्या. ससून यांचे साठ हजार रुपये बऱ्याच नंतर आले आणि इमारत पुरी झाली १८७० मध्ये. रक्कम मोठीच होती, पण संस्था आधीपासून चालू होती.

राहता राहिलं सरकार. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. तोवर ठाण्याच्या संग्रहालयाला चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती.