पत्रा जाड म्हणून गाडी सुरक्षित?

गाड्यांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा जाड असे, आताच्या गाडीला अंगठ्याने दाबले तरी पोचा येतो. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवलेल्या माणसाचे हे निरीक्षण खोटे नाही. चुकतो तो त्यावरून काढलेला ‘म्हणजे जुन्या गाड्या अधिक सुरक्षित होत्या’ हा निष्कर्ष, कारण त्यात गाडीचे नुकसान आणि माणसाला होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी एकच मानलेल्या असतात.

ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १८ मीटर अंतर कापते. ती भिंतीवर आदळली आणि बॉनेटचा भाग चेपत जाऊन आतली केबिन ६० सेंटिमीटर अंतरात थांबली, तर पट्टा लावून बसलेल्या माणसावर येणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण २७ पट असतो. हेच थांबणे १० सेंटिमीटरमध्ये उरकले, तर तो १६० पटींच्या घरात जातो. वेग तोच, माणूस तोच. बदलले ते फक्त थांबायला मिळालेले अंतर. पहिला झटका बहुतेकदा सोसण्याजोगा असतो, दुसऱ्यातून वाचणे जवळजवळ अशक्य. अपघातानंतर ज्या गाडीला फारसे काही झालेले दिसत नाही, तिने न चेपता राहून सगळा भार प्रवाशाच्या छातीवर आणि मानेवर टाकलेला असू शकतो.

मर्सिडीज-बेंझमधील अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ साली पेटंटसाठी मांडलेली कल्पना हीच होती: गाडीचे पुढचे आणि मागचे टोक घडी पडण्यासाठी बनवावे, आणि मधली केबिन मात्र पिंजऱ्यासारखी अभेद्य ठेवावी. १९५९ मध्ये या पद्धतीची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. आज केबिनचे खांब अतिशय कणखर पोलादाचे असतात. ज्यावर आपण अंगठा दाबून पाहतो, तो बाहेरचा पत्रा बऱ्याच अंशी अंगरख्यासारखा असतो. टकरीचा मुख्य भार त्याच्यावर नसतोच.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ मध्ये १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडवून आणली. वजनात दोघींत मोठा फरक नव्हता. बेल एअरची केबिन चालकाच्या अंगावर कोसळली. मालिबूची जवळपास शाबूत राहिली आणि तिच्यात चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याला पायाला किरकोळ दुखापत होईल एवढेच मोजमापात दिसले. बेल एअरची चौकट ‘एक्स’ आकाराची, म्हणजे त्या काळच्या मानानेही कमकुवत होती, आणि तिच्यात पट्टे वा एअरबॅग नव्हत्या, हे आक्षेप रास्त आहेत. तरीही पत्र्याच्या जाडीने तिला वाचवले नाही.

मात्र भारतीय ग्राहकाची शंका अगदीच निराधार होती, असेही म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये गाड्यांच्या सुरक्षेची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांची चाचणी घेतली, तेव्हा पाचहींना सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले. आल्टो ८००, नॅनो आणि आय१० यांचे सांगाडे टकरीत अस्थिर ठरले. फिगो आणि पोलो यांचे सांगाडे टिकले, पण एअरबॅग नसल्याने त्यांचेही गुण गेले. दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे दोष होता तो सांगाड्याचा आणि एअरबॅगच्या अभावाचा, आणि बोटाने दाबून यांपैकी काहीच कळत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाल्याने निदान अंगठ्याऐवजी पाहायला काहीतरी मिळाले.

केबिन ६० सेंटिमीटरमध्ये थांबते, पण तिच्यातला माणूस तिच्याशी बांधलेला असेल तरच त्याला त्या अंतराचा लाभ होतो. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेला प्रवासी टक्कर झाल्यावरही त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि पुढच्या सीटवर आदळतो. ताशी ६४ किलोमीटरचा हा वेग पाचव्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या माणसाच्या वेगाइतका आहे. त्याच्या वजनाखाली पुढचा प्रवासीही चेंगरला जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. काही आठवडे मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली. आता पुन्हा ते सीटकव्हरखाली गेलेले दिसतात.

गाडीच्या तोंडाशी लोखंडी बुलगार्ड, म्हणजे जाड नळ्यांचे कुंपण, लावण्याची हौसही ‘जाड म्हणजे सुरक्षित’ याच समजुतीतून येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करण्यास सांगितले. हे गार्ड टकरीचा जोर चेपणाऱ्या भागाला वळसा घालून थेट सांगाड्यात पोहोचवू शकतात, एअरबॅगच्या सेन्सरला चुकीचा संदेश देऊ शकतात, आणि समोर पादचारी असेल तर त्याची हाडे मोडतात.

एकदा घडी पडलेले पोलाद ओढून सरळ केले, तरी ते दुसऱ्या टकरीत पहिल्यासारखे चेपेलच याची खात्री नसते, आणि कणखर पोलाद तापवून सरळ केले तर त्याची ताकदच घटते. म्हणून वापरलेली गाडी घेताना बाहेरच्या रंगापेक्षा बॉनेट उघडून इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे येणारे तुळईसारखे भाग पाहावेत. कारखान्यातल्या वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. हाताने केलेले वेल्डिंग लगेच ओळखू येते.