बदामाची पानं थंडीने लाल होत नाहीत हो!

जानेवारी-फेब्रुवारी आला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर बदामाच्या लालभडक पानांचे फोटो पडतात आणि खाली कोणीतरी लिहितंच, थंडीने पानं जळली. अहो वाशी-नेरूळला कसली जाळणारी थंडी, इथे स्वेटरसुद्धा कपाटातच राहतो!

होतं असं की पान गाळायच्या आधी झाड त्यातलं हिरवं क्लोरोफिल मोडतं आणि नायट्रोजनसारखा कामाचा माल परत खोडाकडे ओढून घेतं, घर सोडताना आपण पंखे-बल्ब काढून नेतो ना तसंच. पिवळा रंग, म्हणजे कॅरोटिनॉइड, पानात आधीपासूनच असतो, फक्त हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र नवीन बनतो, अँथोसायनिन, पानातल्या साखरेपासून. मरायला टेकलेलं पान एवढा खर्च का करतं यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, उन्हापासून बचाव हे त्यातलं एक उत्तर.

अमेरिका-युरोपातही पानांना रंग बदलायचा सिग्नल मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसाचा असतो, गार रात्री आणि स्वच्छ ऊन असेल तर लाल आणखी खुलतो, पण दव गोठेल इतकी कडक थंडी पडली तर पानं सरळ तपकिरी होऊन मरतात.

आणि मार्चमध्ये ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात कुसुमाचं झाड लाल दिसतं ती तर कोवळी पालवी असते, तिथेही अँथोसायनिनच.