चाकू घेताना पाणी बघा

आमच्या आठवडी बाजारात मिरच्यांच्या ओळीला लागून एक घिसाडी भाता मांडून बसतो. मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे मिटता येणारा चाकू मागितला. ठिबकची नळी कापायची, खताच्या पोत्याची सुतळी तोडायची, बांधावर कांदा नाहीतर मोसंबी चिरायची, एवढंच काम. त्यानं गोणपाटावर चार-पाच चाकू मांडले. मी सगळ्यात चकचकीत होता तो उचलला.

"तो कारखान्याचा हाय दादा. चमक काय बघता, पाणी बघा!"

मराठवाड्यातल्या माणसाला पाणी बघायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. पण त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पातं तापवून पाण्यात बुडवण्याला लोहार 'पाणी देणं' म्हणतात, त्यावर चाकूचा निम्म्याहून जास्त जीव असतो.

शुद्ध लोखंड मऊ. त्यात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. खिडकीच्या गजात कार्बन ०.२५ टक्क्यांहून कमी असतो, त्यामुळे त्याला कितीही घासा, धार टिकत नाही. चांगल्या चाकूला साधारण ०.५ ते १ टक्का कार्बन लागतो. घिसाडी हे पोलाद आणतो कुठून? ट्रकच्या मोडक्या पाट्यातून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून. पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, शिवाय लवचीकपणासाठी सिलिकॉन. म्हणजे खड्ड्यांतून माल वाहून थकलेला पाटा शेवटी आपल्या खिशात येतो.

नुसता कार्बन असून भागत नाही. पोलाद सव्वासातशे अंशांच्या वर तापलं की लोखंडाच्या अणूंची रचना बदलते, त्यांच्यातल्या फटी मोठ्या होतात आणि कार्बनचे अणू तिथे जाऊन बसतात. सावकाश थंड केलं तर ते पुन्हा बाहेर पडतात. एकदम बुडवलं तर त्यांना निघायला वेळच मिळत नाही. एस.टी.त दार बंद होताना अडकलेल्या माणसासारखे ते आत चेंगरून राहतात, रचना ताणली जाते आणि पातं कडक होतं. याला मार्टेन्साइट म्हणतात. ते काचेसारखं ठिसूळही असतं, दगडावर पडलं तर टवका उडेल.

म्हणून घिसाड्यानं पुढे जे केलं ते बघण्यासारखं होतं. पातं लालभडक झाल्यावर फक्त धारेची बाजू पाण्यात धरली. चर्र आवाज झाला. लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर घासून ती पांढरी केली आणि डोळा लावून बसला. पाठीत उरलेली धग धारेकडे सरकू लागली, तसा धातूवर आधी वाळल्या कडब्यासारखा फिका पिवळा रंग चढला. तो गडद व्हायच्या आत त्यानं पातं पुन्हा पाण्यात टाकलं. तो पिवळा रंग म्हणजे दोनशे-सव्वादोनशे अंशांचा थर्मामीटर. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर तयार होतो आणि त्याच्या जाडीनुसार रंग बदलतो. डबक्यावरच्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात, त्याच कारणानं. पिवळ्यानंतर जांभळा, मग तीनशेच्या आसपास निळा. जितकं पुढे जाल तितकं पातं चिवट, पण मऊ.

आता त्या चकचकीत चाकूचं. स्टेनलेस म्हणजे ज्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम आहे ते पोलाद. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून नजरेला न दिसणारं कवच तयार करतं, म्हणून गंज धरत नाही. घामेजल्या खिशात आणि आंबट फळांत त्याचा फायदा आहेच. मात्र स्वस्त स्टेनलेसमध्ये कार्बन बेताचा असतो, धार लवकर बोथट होते. आणि चुंबक लावून 'हे खरं स्टेनलेस नाही' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्या डब्या-ताटांच्या स्टीलमध्ये निकेल असतं, म्हणून त्याला चुंबक चिकटत नाही. चाकूचं कडक केलेलं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच.

मी पाट्याचाच घेतला. पहिल्याच दिवशी कैरी कापली आणि पातं काळंनिळं पडलं. आईनं तो चाकू स्वयंपाकघरात यायचा बंद केला. खरं तर कैरीतलं आम्ल लोखंड विरघळवतं आणि तिच्यातलं टॅनिन त्या लोखंडाशी मिळून काळा रंग देतं. जुन्या पोथ्यांची हिरड्याची आणि लोखंडाची शाई याच रसायनानं व्हायची. काळं पडणं वेगळं, तांबूस गंज वेगळा. पुसून गोडेतेलाचं बोट फिरवलं की पुरे.

पोलादाचं हे वेड आपल्या शेजारचंच. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे वूट्झ, म्हणजे मुशीत वितळवून केलेल्या पोलादाचं जुनं केंद्र. तिथला माल इराणी व्यापारी घेऊन जात आणि लहरीदार नक्षीच्या तलवारींसाठी अशाच पोलादाला मागणी असे. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या घरात असे.

घेताना आणखी एक बघा: बिजागरी. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळत असेल तर परत ठेवा. नुसत्या रिव्हेटवर फिरणारा चाकू दाबाखाली बोटांवर मिटू शकतो. पाठीला स्प्रिंगची पट्टी असेल तर तो धोका कमी. फ्रान्समध्ये १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूला लाकडी मूठ आणि पातं अडकवून ठेवणारं फिरवायचं कडं असतं, साधी पण पक्की युक्ती. जाडजूड पातं मर्दानी दिसतं, पण कांद्याला ते पाचरीसारखं फोडतं. मला पातळच आवडतं.

धारेचा कोन घरी मोजता येतो. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात. दगडावर पातं साधारण तेवढंच तिरपं धरायचं.

मी मात्र आळस केला. गल्लीत आलेल्या धारवाल्याकडे चाकू दिला. चाक गरगर फिरलं, ठिणग्या उडाल्या, मला बरं वाटलं. घरी येऊन पाहिलं तर टोकाला बोटभर निळी झाक. त्या दिवसापासून टोक सुतळीलाही घसरतं.

रविवारी घिसाड्याला दाखवला. त्यानं उन्हात धरून एकदाच पाहिला. "पाणी उतरलं याचं. मूठ काढून पुन्हा तापवावं लागंल. पुढच्या बाजारी या."