जुनं यंत्र विकत घेताय? आधी त्याला कामाला लावा

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला एक चक्कर मारली की लाकडी पेटीतला पितळी सेक्स्टंट, म्हणजे खलाशांचं कोन मोजायचं यंत्र, कुठे ना कुठे दिसतोच, आणि त्यावर झोकात कोरलेलं असतं 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७'. दुकानदार सांगणार, साहेब, जहाज तोडलं त्यातला माल आहे, असा पीस परत मिळणार नाही. आता यातली गंमत बघा. केल्विन आणि ह्यूजेस हे दोन वेगवेगळे धंदे होते, ते एकत्र आले १९४०च्या दशकात. म्हणजे १९१७ साली या जोडनावाची कंपनीच नव्हती! हा माल आपल्याकडे उत्तरेत रुडकी, मुरादाबाद वगैरे भागात बनतो. शोपीस म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त भाव पण शोपीसचाच द्या.

पण प्रत्येक नक्कल अशी स्वतःच्या तोंडाने कबुली देत नाही. जुनी खुर्ची किंवा झुंबर असली आहे का हे ओळखायला वर्षानुवर्षं मुरलेली नजर लागते, यंत्रांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक जास्तीचा उपाय आहे, तो म्हणजे यंत्र ज्या कामासाठी बनलं ते काम त्याच्याकडून करून घ्यायचं. नक्कल करणारा पितळ, पेटी, नाव सगळं जमवतो, पण अचूकपणा जमवायला फार खर्च येतो, त्यामुळे बहुतेक जण तिथेच मार खातात.

सेक्स्टंटचंच घ्या. त्यात दोन आरसे असतात, एक पक्का आणि एक दांडीबरोबर फिरणारा. आरसा १ अंश फिरला की परावर्तित किरण २ अंश फिरतो, म्हणून वर्तुळाच्या साठ अंशांच्या तुकड्यावर आकडे मात्र १२० पर्यंत असतात. दांडी शून्यावर ठेवा आणि लांबची एखादी आडवी रेघ बघा, मरीन ड्राइव्हवरून समुद्राचं क्षितिज तर फारच उत्तम. थेट दिसणारं आणि आरशातून दिसणारं क्षितिज एका रेषेत आलं पाहिजे. थोडा फरक चालतो, तो खलाशी हिशोबात धरायचे, पण दोन क्षितिजं एकमेकांना तिरकी पडली आणि स्क्रू पिळूनही सरळ होईनात तर विषय संपला. मग भिंग घेऊन व्हर्निअर, म्हणजे दांडीच्या टोकाची छोटी सरकती मोजपट्टी बघा, शाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरसारखीच असते. चांगल्या सेक्स्टंटवर बहुधा चांदीची बारीक पट्टी बसवून तिच्यावर केसासारख्या रेघा आखलेल्या असतात आणि कुठल्याही जागी मधली एकच रेघ खालच्या रेघेशी नीट जुळते. शोपीसवर मात्र कधी चार रेघा जुळतात, कधी एकही नाही, कारण तिथे रेघा म्हणजे नुसती नक्षी असते.

या रेघांमागे केवढी मेहनत होती! लंडनच्या जेसी रॅम्सडेनने १७७०च्या दशकात रेघा आखायचंच एक यंत्र बनवलं, त्याच्या मोठ्या चाकाला २१६० दाते, स्क्रूचा एक फेरा म्हणजे अंशाचा सहावा भाग. इंग्रज सरकारच्या रेखांश मंडळाने त्याला यासाठी ६१५ पौंड दिले. त्याआधी हेच काम हाताने, कंपासने व्हायचं आणि एका यंत्राला खूप वेळ जायचा.

अजून एक टेस्ट घरच्या गच्चीवर होते. साधारण डोळ्यांच्या लेव्हलला असलेल्या लांबच्या चार-पाच वस्तू निवडा, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी, चिमणी काहीही, आणि सेक्स्टंट आडवा धरून एकेका जोडीतला कोन मोजत गोल फेरी पूर्ण करा. बेरीज ३६० च्या अगदी जवळ आली पाहिजे. दोन-तीन अंशांची तूट येत असेल तर भिंतीवर लावा आणि विसरा.

पाऱ्याच्या बॅरोमीटरची, म्हणजे हवेचा दाब मोजायच्या यंत्राची टेस्ट तर कानाने होते. नळी हळूऽऽ तिरकी करत न्यायची, पारा वर जाऊन काचेला भिडला की खणखणीत 'टक्' आवाज यायला हवा, म्हणजे वरच्या पोकळीत हवा नाही. आवाज दबका आला तर आत हवा शिरलीय. (हे हळूच करा, जोरात केलं तर पारा काच फोडतो आणि तो घरभर झाला तर निस्तरणं अवघड, त्याची वाफ विषारी असते.)

आणि हो, पुण्यातल्या लोकांनी एक लक्षात ठेवा. जुन्या इंग्रजी बॅरोमीटरवर इंचांसोबत हवामान पण लिहिलेलं असतं, ३० ला 'चांगलं', २९ ला 'पाऊस', २८ ला 'वादळी'. हे सगळं समुद्रसपाटीसाठी. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे पारा एरवीच २८ इंचांच्या आसपास असतो, म्हणजे कोरड्या ठणठणीत मे महिन्यातसुद्धा यंत्र म्हणणार वादळ आलं. महाबळेश्वरला तर पारा स्केलच्या खालीच जातो. यंत्र बिघडलंय म्हणून कोणी स्वस्तात काढत असेल तर घेऊन टाका.

सगळ्यात भारी तपासणी अ‍ॅस्ट्रोलेबची, म्हणजे ताऱ्यांवरून वेळ काढायच्या पितळी तबकडीची, जिला आपल्याकडे यंत्रराज म्हणायचे. लाहोरला उस्ताद अल्लाहदादच्या घराण्यात चार पिढ्या अप्रतिम यंत्रं बनली आणि अर्थात त्यांच्या नकलाही भरपूर. यंत्रराजच्या वरच्या फिरत्या जाळीवर तारे दाखवणारी टोकं असतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो त्यामुळे ताऱ्यांचे रेखांश दर ७२ वर्षांनी साधारण एक अंश सरकतात, म्हणून टोकांच्या जागा मोजल्या की त्या कुठल्या काळाच्या आहेत ते कळतं. कारागिराने जुनीच सारणी वापरली असेल तर हिशोब चुकतो, ते धरून चालायचं, पण टोकं कुठल्याच काळाशी जुळत नसतील तर नक्षीकाम समजावं.

पितळ पण बोलतं. जुन्या पद्धतीत तांब्याबरोबर जस्ताचं खनिज तापवायचे, त्यात जस्त तिसाएक टक्क्यांच्या वर जात नसे. शुद्ध जस्त वितळवून मिसळलं तरच जास्त जातं. युरोपात जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट निघालं १७३८ मध्ये, राजस्थानात झावरला हे त्याच्या काही शतकं आधीपासून चालू होतं. म्हणून १६०० सालच्या म्हणवणाऱ्या युरोपियन यंत्रात एक्स-रे तपासणीत ३७ टक्के जस्त निघालं तर शंका घ्यायची, लाहोरच्या यंत्रात निघालं तर नाही!

घेतल्यावर पहिली इच्छा होते चमकवायची. कृपा करून नको. चिंच, पितांबरी ही देवघरातल्या समईसाठी ठीक, यंत्रावरचा जो पिवळसर थर आपल्याला मळ वाटतो तो बऱ्याचदा लाखेचं मूळ वार्निश असतो, तो गेला की रेघा पुसट होतात आणि किंमत पण उतरते. शिवाय काही मेटल पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. हे भारतातच लक्षात आलं होतं, ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप चिरायची, कारण घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया. नेमकं कारण सापडायला १९२१ उजाडलं.

पेटी पण उलटून बघा, 'दीडशे वर्षं जुन्या' पेटीत अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतील तर ते स्क्रू १९३०च्या दशकात आले. आणि वस्तू खरंच १०० वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही, अमेरिकेतल्या भाच्याला गिफ्ट म्हणून सुद्धा नाही. दिसायला जुनी पण मुळात नवी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो, तो काढूनच बॅगेत भरा.