चिडाचा लिसा: जखमेतून वाहणाऱ्या राळेची गोष्ट

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त पहिल्याच सर्गात हिमालयाचे हत्ती गालाची खाज भागवायला सरल वृक्षांना अंग घासतात, खोडातून चीक पाझरतो आणि त्याच्या वासाने डोंगरमाथे दरवळतात. सरल म्हणजे चीड, हिमालयातलं पाइनचं झाड. झाड खरचटलं की चीक येतो, हे आपल्याकडे इतक्या पूर्वीपासून लोकांच्या नजरेत होतं.

हा चीक म्हणजे राळ. डिंकाशी तिची गल्लत करू नये. लाडवात घालतो तो डिंक पाण्यात विरघळतो, राळ पाण्याला दाद देत नाही. बोटाला चिकटली तर तेल चोळूनच निघते. उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालात तिला लिसा म्हणतात.

चिडाच्या सालीत आणि लाकडात राळवाहिन्यांचं जाळं असतं. त्यांच्या कडेच्या जिवंत पेशी राळ तयार करून आत दाबाखाली भरून ठेवतात. साल पोखरणारा भुंगा आत शिरला, की वाहिनी फुटते आणि राळ उसळून त्याला बाहेर ढकलते, नाहीतर तिथेच बुडवते. मग तिच्यातलं टर्पेंटाइन हवेत उडून जातं, मागे उरलेला घट्ट भाग कडक होतो आणि जखमेचं तोंड बंद होतं. भुंग्यामागून येणाऱ्या बुरशीची वाटही त्याने अडते.

माणसाने नेमकं हे तोंड बंद होऊ दिलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या वनखात्याने कुमाऊँत व्यापारी पातळीवर लिसा काढायला सुरुवात केली. खोडात खाच पाडायची, तिच्याखाली पत्र्याची पन्हळ ठोकून भांडं टांगायचं आणि धार आटू लागली की खाच पुन्हा ताजी करायची. खोल खाचांनी खोडं पोखरली, वाऱ्यात झाडं मोडू लागली. १९११ ते १९१७ दरम्यान गावकऱ्यांची जंगलं राखीव करून त्यांचे चराईचे, लाकडाचे हक्क आवळले गेले. त्याच्या रागातून १९२१च्या उन्हाळ्यात कुमाऊँची चिडाची जंगलं पेटवली गेली. राळेने माखलेल्या उघड्या खाचा अशा आगीत लगेच पेट घेतात. जखम भरण्यासाठी आलेला लिसाच झाडाच्या मुळावर येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे उथळ रेघा कोरून त्यांवर सौम्य आम्ल फवारण्याची पद्धत आली. तिच्यात लाकूड फारसं कापावं लागत नाही.

देवदाराचं वेगळंच. त्याच्या लाकडात एरवी राळवाहिन्या नसतात. घाव बसल्यावर सालीखालचा वाढीचा थर त्या नव्याने घडवतो आणि त्या वर्षाच्या वलयात त्यांची एक ओळ उमटते. चिडातही घावानंतर अशा जादा वाहिन्या तयार होतात. हिमस्खलन किंवा दरड कोणत्या वर्षी झाडावर आदळली, हे अभ्यासक आज खोडाच्या छेदातल्या अशाच ओळींवरून शोधतात.