पित्ताच्या गोळीमागे दडलेला जंतू

सकाळी चहाआधी पित्ताची गोळी घेण्याची सवय आता कितीतरी घरांत रुळली आहे. बेंबीच्या वर जळजळ, चार घासांतच पोट गच्च, ढेकर, मळमळ. या सगळ्याला ‘पित्त’ म्हणायचं आणि मेडिकलमधून स्ट्रिप आणायची. गोळीने बरंही वाटतं. पण बंद केली की पुन्हा तेच, असं महिनोन्‌महिने चालत असेल, तर जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे का, हे एकदा पाहायलाच हवं.

जठरातल्या तीव्र आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असं डॉक्टरसुद्धा पूर्वी मानत. हा जंतू तिथे जगतो तो युरिएज या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर. जठरात थोडा युरिया असतोच. त्याचं विघटन करून जंतू अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. मग मळसूत्रासारखं अंग फिरवत तो आतल्या चिकट थरात शिरतो. तिथे आम्लाचा मारा फारसा पोचत नाही. संसर्ग बहुधा लहानपणीच, घरच्यांकडून किंवा दूषित अन्नपाण्यातून होतो आणि उपचार न केल्यास सहसा आयुष्यभर टिकतो.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना 1979 मध्ये जठराच्या नमुन्यांत हे वाकडे जंतू दिसले. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्यासोबत आले, पण प्रयोगशाळेत जंतू काही वाढेनात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणयंत्रात राहिल्या आणि जंतूंच्या वसाहती दिसल्या. तरी अल्सर, म्हणजे पोटातली जखम, या जंतूमुळे होते हे लोकांना पटेना. अल्सर म्हणजे ताण आणि तिखट खाणं, हेच डोक्यात पक्कं होतं. 1984 मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचं द्रावण प्यायले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. इतकं होऊनही आपण अजून मिरचीलाच दोष देतो, याचं मला वाईट वाटतं.

संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र अल्सर होतो, थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. अल्सरला वेदनाशामक गोळ्याही कारण ठरतात, तेव्हा त्या घेत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा. काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, विनाकारण घटणारं वजन किंवा गिळताना अडकणं, यांपैकी काही असेल तर थांबू नका.

तपासणी सोपी आहे. खुणेचा कार्बन असलेल्या युरियाचं पेय प्यायचं आणि काही वेळाने पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर त्याने या युरियापासून बनवलेला, तीच खूण असलेला कार्बन डायऑक्साइड श्वासात सापडतो. शौचाच्या नमुन्यातूनही कळतं. गोम अशी की पित्ताच्या गोळीने जंतू दबतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी थांबवावी लागते, अँटिबायोटिक्स चार आठवडे.

उपचारात दोन-तीन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारं औषध, बहुधा 14 दिवस. तोंड कडू होतं, पोट बिघडतं, म्हणून अनेकजण पाचव्या-सहाव्या दिवशी सोडून देतात. तिथेच जंतू औषधाला दाद देईनासा होतो. भारतात ही अडचण मोठी आहे. त्यामुळे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करावी. रक्ततपासणी इथे कामाची नाही, कारण जंतू गेल्यावरही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) रक्तात बराच काळ राहतात.